सांधा नवा, पण त्याचे कागद कुठे आहेत?

मंडळाच्या गणपतीला किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला जमलेल्या मंडळींकडे पाहिले की एक गोष्ट लगेच लक्षात येते. सत्तरच्या दशकात दोन सूटकेस घेऊन या देशात आलेली आपली पिढी आता पंच्याहत्तरीच्या आसपास पोचली आहे. जेवणाच्या रांगेत पूर्वी मुलांच्या कॉलेजच्या गप्पा चालत, आता "उजवा झाला, डावा कधी करणार?" हे ऐकू येते. गुडघा किंवा खुबा बदललेले चार-पाच जण तर प्रत्येक टेबलावर सापडतात. शिवाय उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या आई-वडिलांपैकीही बरेच जण पुण्या-मुंबईला गुडघे बदलूनच विमानात बसतात.

न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरमध्ये मी बरीच वर्षे नर्स होते. त्यातली शेवटची बारा वर्षे फक्त हाडांच्या ऑपरेशनांत गेली. २०१८ साली माझा स्वतःचा डावा गुडघाही बदलला. त्यामुळे लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात, "विमानतळावर दाखवायला काही कार्ड लागते का हो?"

थोडक्यात उत्तर असे की विमानतळासाठी कार्ड सक्तीचे नाही, आणि ते दाखवले म्हणून तपासणी टळतही नाही. पण तरीही नव्या सांध्याचे कागद जन्मभर जपून ठेवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याचे कारण विमानतळ नसून रुग्णालय आहे. दोन्हींविषयी क्रमाने सांगते.

विमानतळावर काय होते?

कृत्रिम सांधा बहुधा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा किंवा टायटॅनियमचा असतो आणि मध्ये टिकाऊ प्लॅस्टिकची चकती असते. धातू शोधणाऱ्या चौकटीतून आपण गेलो की ती बहुतेक वेळा वाजते. यात घाबरण्यासारखे काहीही नाही. अधिकाऱ्यांना अशी माणसे रोज भेटतात.

अमेरिकेत ही तपासणी टी.एस.ए. करते. त्यांचा नियम साधा आहे. तपासणी सुरू होण्यापूर्वीच अधिकाऱ्याला सांगावे, "माझ्या डाव्या गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे." कार्ड दाखवले तर बोलणे सोपे होते, विशेषतः ज्यांना इंग्रजी बोलताना अडखळायला होते त्यांना. पण कार्ड म्हणजे पास नव्हे. कार्ड कोणीही छापू शकतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

हात वर करून उभे राहायला सांगतात ते मोठे यंत्र वेगळे असते. ते शरीराच्या आत पाहत नाही, फक्त कपड्यांखाली त्वचेवर काही आहे का ते पाहते. त्यामुळे आतला सांधा त्यात दिसत नाही, मात्र गुडघ्याला बांधलेला पट्टा किंवा जाड बँडेज दिसू शकते. प्रीचेकच्या रांगेत बहुतेक वेळा जुनी धातूची चौकटच असते, म्हणून पैसे भरून प्रीचेक घेतलेल्यांचाच सांधा जास्त वाजतो. अशा वेळी मोठ्या यंत्राची सोय असेल तर त्यातून जाऊ देण्याची विनंती करता येते.

हाताने तपासणी करायची झाली तर बायकांची तपासणी बाई अधिकारीच करते आणि पुरुषांची पुरुष अधिकारी. आडोशाला खोलीत करा असे सांगण्याचा आणि बरोबर घरचे माणूस ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे. व्रण दाखवायला साडी किंवा पँट वर करू नये. व्रण दाखवल्याने तपासणी टळत नाही, उगाच अवघडल्यासारखे मात्र होते. आई-वडील एकटे प्रवास करणार असतील तर विमान सुटण्यापूर्वी किमान ७२ तास आधी टी.एस.ए. केअर्सला ८५५-७८७-२२२७ या क्रमांकावर फोन करावा. तपासणीच्या वेळी मदतीला माणूस देण्याची विनंती तिथे नोंदवता येते.

मुंबई, दिल्ली, पुणे या विमानतळांवर सुरक्षेचे काम सी.आय.एस.एफ.कडे आहे. तिथे चौकटीतून गेल्यावर जवान हातातले यंत्र प्रत्येकाच्याच अंगावरून फिरवतात, बायकांसाठी पडद्याचा आडोसा असतो. यंत्र गुडघ्याशी आले की वाजते. "गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, आत धातू आहे" एवढे आधीच सांगितले की बहुतेक वेळा काम भागते. व्हीलचेअर घेतलेल्यांनाही तपासणी चुकत नाही, पण उभे राहता येत नसेल तर तसे सांगावे.

विमानतळाचे प्रकरण एवढेच. जास्तीत जास्त दहा मिनिटांचा खोळंबा. खरी अडचण त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी येते.

डबीवरचा छोटा स्टिकर

सांध्याचा प्रत्येक भाग वेगळ्या निर्जंतुक डबीत येतो. गुडघ्याचे साधारण तीन-चार भाग असतात: मांडीच्या हाडाला बसणारा, नडगीच्या हाडाला बसणारा, त्यांच्या मधली प्लॅस्टिकची चकती आणि कधी कधी वाटीच्या मागचा तुकडा. प्रत्येक डबीबरोबर चिकटवायचे स्टिकर असतात. त्यांवर कंपनीचे नाव, भागाचे नाव आणि माप, कॅटलॉग क्रमांक, आणि लॉट किंवा सिरियल क्रमांक असतो. ऑपरेशन चालू असतानाच आम्ही नर्सेस ते स्टिकर रुग्णाच्या फाइलमध्ये चिकटवतो. आता त्यांवर बारकोडही असतो. एफ.डी.ए.ने २०१३ साली प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र ओळखक्रमांक देण्याचा नियम केला, तो पुढे टप्प्याटप्प्याने लागू झाला. हा क्रमांक एफ.डी.ए.च्या सार्वजनिक नोंदवहीत पाहिला की कंपनी, मॉडेल आणि एम.आर.आय.विषयीची सूचना कळते.

हे स्टिकर म्हणजे आपल्या सांध्याची जन्मपत्रिका. गंमत अशी की घरातल्या फ्रिजचा मॉडेल नंबर आपण वॉरंटीच्या फाइलमध्ये जपून ठेवतो, पण स्वतःच्या शरीरात बसवलेल्या वस्तूचा नंबर दहातल्या नऊ जणांनी पाहिलेलाही नसतो.

युरोपीय संघात मे २०२१पासून लागू झालेल्या नियमानुसार सांधा बसवलेल्या रुग्णाला असे कार्ड द्यावेच लागते. इथे काही रुग्णालये देतात, काही देत नाहीत. तेव्हा आपणच मागून घ्यावे हे उत्तम.

सांधा टिकतो, कागद टिकत नाही

२०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के आणि खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे.

आता कागदांचे आयुष्य पाहा. अमेरिकेत मेडिकेअरच्या नियमानुसार रुग्णालयाने नोंदी किमान ५ वर्षे ठेवायच्या असतात. राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत, काही ठिकाणी मुदत जास्त आहे. भारतात मेडिकल कौन्सिलच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णाच्या नोंदी ३ वर्षे ठेवायच्या असतात. म्हणजे ज्या दिवशी सांध्याला काही होईल त्या दिवशी त्याचे कागद रद्दीत गेलेले असण्याची शक्यताच जास्त. मधल्या काळात रुग्णालय विकले जाते, डॉक्टर निवृत्त होतात, आपण न्यू जर्सीहून टेक्सासला मुलाकडे राहायला जातो.

आमच्या ओळखीच्या एका काकूंचे उदाहरण सांगते. २००६ साली महाराष्ट्रातल्या एका शहरात त्यांचा गुडघा बदलला. पुढे त्या मुलाकडे इथे राहायला आल्या. २०२१ साली गुडघा दुखू लागला, सुजू लागला. एक्स-रेमध्ये दिसले की मधली प्लॅस्टिकची चकती झिजली आहे, धातूचे दोन्ही भाग मात्र हाडात पक्के बसलेले आहेत. सर्जन म्हणाले, "कोणत्या कंपनीचा सांधा आहे ते सांगा. तशी चकती मिळाली तर फक्त तेवढीच बदलता येईल." कारण एका कंपनीची चकती दुसऱ्या कंपनीच्या सांध्यात बसत नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही अदलाबदल होईलच असे नाही. मुलाने भारतात फोन केले. ते रुग्णालय दुसऱ्यांच्या ताब्यात गेले होते, जुन्या फाइली उरलेल्या नव्हत्या. काकूंकडच्या डिस्चार्ज कार्डावर "दोन्ही बाजूंनी संधिवात, उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण" एवढेच लिहिलेले होते. एक्स-रेवरून ओळख पटवायचा प्रयत्न तीन आठवडे चालला, पण खात्री झाली नाही. अखेर पक्के बसलेले भागही काढून सगळाच गुडघा पुन्हा बदलावा लागला. लहान ऑपरेशनच्या जागी मोठे झाले, आणि अठ्ठ्याहत्तरीच्या काकूंना पुन्हा चालायला सहा महिने लागले. बोटाएवढे तीन स्टिकर जवळ असते तर कदाचित हे टळले असते.

कागद आणखी कुठे उपयोगी पडतात?

*कंपनीने माल परत बोलावला तर.* ऑगस्ट २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीने ए.एस.आर. नावाचा खुब्याचा सांधा जगभरातून परत बोलावला. धातूवर धातू घासून सुटणाऱ्या कणांमुळे आजूबाजूच्या मांसाला इजा होत होती. जगभरात सुमारे ९३,००० रुग्णांना तो बसवलेला होता. भारतात अशी सुमारे ४,७०० ऑपरेशने झाली होती, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालानुसार त्यांतल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागला नाही. म्हणजे सांधा शरीरात आहे, धोका आहे, आणि त्या माणसाला ते सांगणारे कोणी नाही. अलीकडचे उदाहरण एक्झॅक्टेक कंपनीचे. गुडघ्याच्या प्लॅस्टिक चकत्यांच्या पाकिटात ऑक्सिजन अडवणारा एक थर नव्हता, त्यामुळे चकत्या लवकर झिजण्याची भीती होती. कंपनीने त्या २०२१ पासून परत बोलावल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती यादी बरीच वाढवली. अशी बातमी वाचल्यावर "माझा तर नाही ना?" या प्रश्नाचे उत्तर फक्त स्टिकरवर असते.

*एम.आर.आय.च्या वेळी.* आजचे बहुतेक सांधे ठरावीक अटी पाळून एम.आर.आय.मध्ये चालतात. पण तंत्रज्ञ कंपनी आणि मॉडेल विचारतोच. माहिती नसली की तपासणी पुढे ढकलली जाऊ शकते. कंबरेच्या दुखण्यासाठी एम.आर.आय. हवा असतो, आणि आपण गुडघ्यामुळे घरी परत येतो.

*ताप आणि सूज आली तर.* कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग झाला तर कोणत्या जंतूने झाला हे कळणे फार महत्त्वाचे असते, आणि त्यासाठी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी सांध्यातले पाणी तपासायला घेणे हिताचे ठरते. म्हणून सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तर अर्जंट केअरमध्ये पहिले वाक्य हेच बोला, "माझा हा सांधा कृत्रिम आहे, कृपया हाडांच्या सर्जनशी बोला." घरातल्या जुन्या गोळ्या स्वतःच घेऊ नका. प्रकृती फारच बिघडली असेल तर मात्र डॉक्टर थांबणार नाहीत, आणि तेच योग्य.

*दंतवैद्याकडे.* पूर्वी दात काढण्याआधी सांधेरोपण झालेल्या सगळ्यांना अँटिबायोटिक देत. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण रुग्णाला त्याची गरज नाही. मधुमेह आटोक्यात नसेल, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील किंवा पूर्वी सांध्याला जंतुसंसर्ग झाला असेल तर सर्जनला विचारून ठरवावे. ऑपरेशनची तारीख आणि सर्जनचे नाव जवळ असले की दंतवैद्य थेट फोन करू शकतो.

पैशाची बाजू

सांधा परत बोलावला गेला आणि भरपाईचा प्रश्न आला, तर आपल्या शरीरात नेमका तोच सांधा होता हे पहिल्यांदा दाखवावे लागते. ए.एस.आर.च्या खटल्यांत नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ८,००० रुग्णांसाठी जवळजवळ अडीच अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली. अशा वेळी वकिलापेक्षा आधी कागद कामाला येतो.

भारतातून येणाऱ्या आई-वडिलांसाठी आपण प्रवासी विमा घेतो. त्यातल्या बहुतेक पॉलिसी आधीपासूनचे आजार वगळतात किंवा त्यांवर कमी रक्कम देतात. बदललेला गुडघा त्यात धरला जाईल का, पडून त्याच पायाचे हाड मोडले तर काय, हे पॉलिसी घेण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अर्जात विचारले असेल तर ऑपरेशन लपवू नका. दाव्याच्या वेळी कंपनी जुने कागद मागतेच.

भारतात ऑपरेशन करणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट झाली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. त्याच आदेशानुसार रुग्णालयाने बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायची असते आणि कंपनीचे नाव, ब्रँड, बॅच क्रमांकही द्यायचे असतात. तेव्हा नुसत्या "पॅकेज"च्या पावतीवर समाधान मानू नका. तपशीलवार बिल मागा. तेही सांध्याचेच कागदपत्र आहे.

कागद मिळवायचे कसे?

१. रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड्स विभागाला लेखी अर्ज करा. "सगळी फाइल द्या" म्हणू नका. "ऑपरेशन रिपोर्ट आणि इम्प्लांटच्या स्टिकरचे पान" अशी नेमकी मागणी करा. ऑपरेशन रिपोर्टात कधी कधी फक्त कंपनीचे नाव असते, लॉट क्रमांक स्टिकरच्या पानावरच सापडतो.

२. अमेरिकेत हिपा कायद्यानुसार रुग्णालयाने ३० दिवसांत नोंदी द्यायच्या असतात. उशीर होणार असेल तर लेखी कळवून आणखी ३० दिवस घेता येतात. स्वतःच्या प्रतीसाठी वाजवी खर्च घेतात, पण फाइल शोधण्याचा आकार लावता येत नाही. आधी रुग्णालयाच्या पेशंट पोर्टलवर पाहा, तिथे अनेकदा फुकटच मिळते.

३. भारतात वरच्याच २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. पुढच्या भारतभेटीच्या यादीत चितळ्यांच्या बाकरवडीच्या वर हे काम लिहा. ऑपरेशन अजून व्हायचे असेल तर डिस्चार्जच्या दिवशीच स्टिकरची प्रत मागून घ्या. त्या दिवशी ते दोन मिनिटांचे काम असते.

४. रुग्णालयात काही मिळाले नाही तर सर्जनच्या दवाखान्यात विचारा. तिथे वेगळी फाइल असू शकते. ऑपरेशननंतरचे जुने एक्स-रे टाकून देऊ नका.

कार्डावर काय लिहावे?

पाकिटात मावेल असे कार्ड घरीच इंग्रजीत टाइप करून लॅमिनेट करा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

– पासपोर्टवर आहे तसे पूर्ण नाव आणि जन्मतारीख
– कोणता सांधा, डावा की उजवा, ऑपरेशनची तारीख
– रुग्णालय, गाव, सर्जनचे नाव
– कंपनी, मॉडेल आणि प्रत्येक भागाचा कॅटलॉग व लॉट क्रमांक
– औषधांची ॲलर्जी, आणि रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर त्याचे नाव
– घरच्या एका माणसाचा फोन नंबर

सोशल सिक्युरिटी किंवा मेडिकेअरचा क्रमांक या कार्डावर लिहू नका. पाकीट हरवते.

स्टिकरच्या पानाच्या तीन प्रती कराव्यात. एक घरच्या फाइलमध्ये, एक मुलाकडे किंवा मुलीकडे, आणि एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या नोंदीत. मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. बहुतेक फोनमध्ये आणीबाणीच्या वैद्यकीय माहितीचे पान असते, ते कुलूप न उघडता दिसते. तिथेही "डावा गुडघा कृत्रिम" असे इंग्रजीत लिहावे. केवळ सांध्यासाठी हातात ओळखीचे कडे घालण्याची गरज नाही, पण वॉरफरिनसारखे औषध किंवा पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर कडे जरूर घालावे.

शेवटी तरुण मंडळींना एक विनंती. आई-बाबांना विचारले तर ते म्हणतील, "असतील कुठेतरी कपाटात." त्यावर विसंबू नका. येत्या रविवारी चहा झाल्यावर ती फाइल त्यांच्याबरोबर बसून उघडा आणि स्टिकरचे पान आहे का ते पाहा. असेल तर फोटो काढा. नसेल तर सोमवारी अर्ज करा, कारण त्या फाइलची मुदत कधी संपते आहे ते रुग्णालय आपल्याला कळवत नाही.